संगणक उठायला वेळ का लावतो?

सकाळचा पहिला तास. कल्याणला आमच्या प्रयोगशाळेतील एका संगणकाची कळ दाबावी, हजेरी घ्यावी, फळा पुसावा, तरी पडद्यावरचे चक्र आपले फिरतेच आहे! मुले म्हणाली, "सर, नवाच घ्या." आम्ही आधी घड्याळ घेतले.

कळ दाबताच विंडोज चकतीवरून आत येते. पाठोपाठ येतात ड्रायव्हर, म्हणजे कळफलक, पडदा, छपाईयंत्र यांच्याशी बोलणारे दुभाषे, आणि सेवा, म्हणजे पडद्याआड राबणारे कार्यक्रम. जुन्या धर्तीची चकती मिनिटाला ७२०० फेरे घेते. एका फेऱ्यास सुमारे ८ मिलिसेकंद. हवी ती जागा शीर्षाखाली यायला सरासरी अर्धा फेरा जातो, शिवाय शीर्ष सरकण्याचा वेळ निराळा. सगळ्यांनी एकदम मागणी केली, की गर्दीच्या वेळी कल्याण स्थानकाच्या जिन्यावर होते तेच होते. आणि एखादी सेवा सुरू होताना उत्तरच देईना, तर विंडोज साधारण ३० सेकंद तिची वाट पाहते.

मग दोषी शोधायचा कसा? गणपतीच्या आराशीतील १६ दिव्यांची एकसर माळ आठवा. एक दिवा गेला तर आपण एकेक दिवा तपासत नाही. माळेची निम्मी बाजू तपासतो, मग तिच्यातली निम्मी. चार चाचण्यांत दिवा सापडतो.

तसेच येथे करावे. 'एमएसकॉन्फिग' उघडून सेवांच्या यादीत प्रथम मायक्रोसॉफ्टच्या सेवा लपवाव्यात. त्यांना हात लावायचा नाही. विषाणुरोधकही चालूच ठेवावा. उरलेल्यांपैकी निम्म्यांच्या खुणा काढून संगणक पुन्हा सुरू करावा व वेळ मोजावा, तीनदा मोजून सरासरी घ्यावी. खूण काढणे म्हणजे पुसणे नव्हे; ती परत करता येते. म्हणून कोणती काढली ते वहीत लिहावे. (शाळेचा संगणक असेल तर शिक्षकांना विचारूनच!) दोषी दोन असले तर मात्र ही युक्ती फसते.

आमचा दोषी निघाला एका छपाईयंत्राची सेवा. यंत्र केव्हाच भंगारात गेले होते. सेवा रोज सकाळी त्याला शोधत होती.

ड्रायव्हरच्या बाबतीत अधिक जपावे. चकतीचा किंवा पडद्याचा ड्रायव्हर कधीही बंद करू नये. ड्रायव्हर बिघडला तर काय होते, हे १९ जुलै २०२४ रोजी दिसले. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा-ड्रायव्हरला एक सदोष फाइल मिळाली आणि जगातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. मुंबई विमानतळावरही प्रवाशांची कामे खोळंबली. अनेक ठिकाणी संगणक 'सेफ मोड'मध्ये, म्हणजे अत्यावश्यक तेवढेच ड्रायव्हर घेऊन, सुरू करून ती एक फाइल हाताने काढावी लागली. तुमचा संगणक अडला, तरी पहिला प्रयत्न तेथूनच करावा.