परसातील फुलझाडे : वैशाखातील निगा व कळ्यांची वाट

शेतकरी बंधूंच्या मासिकांतून कापूस, तूर, ज्वारी व ऊस यांविषयी अधिकाराने लिहिणारे पुष्कळ आहेत. अंगणातील चार फुलझाडांविषयी मात्र सहसा कोणी लिहीत नाही. सरकारी दप्तरातही त्यांस जागा नाही. शेतातील पिकाची नोंद गाव नमुना बारामध्ये होते. गावठाणातील घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये, भिंत कशाची व छप्पर कशाचे एवढ्यापुरती होते. दारच्या मोगऱ्यास ना आकारणी, ना पैसेवारी, ना नुकसानीचा पंचनामा. आम्ही महसुली कारकुनीत हेच रकाने भरीत सेवानिवृत्त झालो. ज्याला रकानाच नाही अशा या पिकाविषयी आता चार शब्द लिहावे असे वाटते.

आमचे धर्मापुरी केदारेश्वराच्या चालुक्यकालीन देवालयामुळे इतिहासाच्या अभ्यासकांस ठाऊक आहे; फुलांसाठी ते कोणास ठाऊक असण्याचे कारण नाही. जमीन काळी, खाली चुनखडी, पाऊस बेभरवशाचा. पंचांगाप्रमाणे वसंत ऋतू चैत्र व वैशाख या दोन महिन्यांचा. परंतु वैशाखात येथे पारा बेचाळीस अंशांपर्यंत चढतो, रानात नांगरटीची ढेकळे तापत पडलेली असतात, आणि वसंत हा शब्द उच्चारावयासही घसा कोरडा पडतो. थंड देशांतील माणूस या दिवसांत हिमाच्या भीतीतून सुटून गुलाबाची वाट पाहतो. इंग्लंडात सरे परगण्यात गर्ट्रूड जेकिल (१८४३–१९३२) नावाच्या बाई होऊन गेल्या. गरिबांच्या लहान घरांपुढे भाजी, औषधी व फुले एकत्र लावलेली असत. त्या बागांपासून त्या पुष्कळ शिकल्या आणि ते शिक्षण त्यांनी धनिकांच्या बागा आखताना वापरले. आमच्या परसातही कढीलिंब, अळू, तुळस व मोगरा एकाच आळीत नांदतात. फक्त आम्हास कोणी आखून दिलेले नाहीत.

आमचे परस बारा हात रुंद व पंधरा हात लांब. वैशाखाच्या प्रारंभी त्यात पाहुण्यास दाखवावे असे फारसे काही नसते. जाई-जुईचे वेल काटक्यांसारखे, शेवंतीचे मुनवे सावलीच्या कोपऱ्यात जीव धरून, गुलछडीचे कांदे नुकतेच मातीत गेलेले. कण्हेर व सदाफुली तेवढी फुलावर. तथापि वर्षातील याच पंधरवड्यात आम्ही परसात सर्वांत अधिक वेळ घालवितो. फुललेले झाड एका दृष्टिक्षेपात पाहून होते; कळीवर आलेल्या झाडापाशी रोज वाकून बसावे लागते.

मुख्य गोष्ट मोगऱ्याची. मोगऱ्याची कळी नव्या फुटव्याच्या शेंड्यावर येते, आणि चांगला फुटवा यावयास झाडाने आधी विश्रांती घ्यावी लागते. यास्तव मार्गशीर्षात त्याचे पाणी तोडावे. डाळिंबास व संत्र्यास ताण देऊन बहार धरणाऱ्या बागाइतदारांस हे निराळे सांगावयास नको. पाने पिवळी पडून गळू लागली की तीनचार आठवड्यांनी झाड हातभर उंचीवर छाटावे, वाळक्या व दाटीच्या फांद्या काढाव्या, आळे खणून मुळांस चारदोन दिवस ऊन द्यावे, मग घमेलेभर कुजलेले शेणखत घालून पाणी सुरू करावे. ज्याच्या हातून ताणाचे दिवस पाहवत नाहीत व जो मध्येच दयाबुद्धीने तांब्याभर पाणी ओततो, त्याच्या झाडास पाने उदंड येतात आणि फुले बेताची. नत्राचे रासायनिक खत मुठीने टाकणाऱ्याचीही हीच गत. आमच्या मते दया करावयाची ती पुढे, कळी धरल्यावर करावी. त्या वेळी मात्र आळे कोरडे पडता उपयोगी नाही.

चुनखडीच्या काळ्या जमिनीत मोगऱ्याची नवी पाने पिवळी व शिरा तेवढ्या हिरव्या, असे पुष्कळदा दिसते. हा रोग नव्हे. जमिनीत लोह असूनही मुळांस ते मिळत नाही. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस विरघळवून पानांवर उन्हे उतरल्यावर शिंपडावे, व आळ्यात शेणखत वाढवावे. वैशाखाच्या कोरड्या हवेत पानाखाली लाल कोळी जाळे करतो. त्यास पानाच्या खालच्या अंगास पाण्याचा जोराचा हबका पुरतो. कळी जांभळट दिसू लागली तर आत अळी आहे असे समजावे, ती कळी खुडून नष्ट करावी, आणि पन्नास ग्रॅम निंबोळ्या कुटून रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवून, गाळून, तो अर्क फवारावा. घरच्या सहा झाडांसाठी विषारी औषधाची बाटली आणण्याचे प्रयोजन आम्हास तरी दिसत नाही, विशेषतः ज्या फुलांचा गजरा लेकीबाळी डोक्यात माळणार.

आता पाण्याविषयी. हा प्रश्न या जिल्ह्यात कोणासही टाळता येणार नाही. आमच्या घरी पाच माणसे. दरमाणशी अंघोळीचे पंधरा लिटर धरले तर रोज पाऊणशे लिटर पाणी न्हाणीतून बाहेर पडते. सहा मोगऱ्यांस दर चौथ्या दिवशी प्रत्येकी दहा लिटर, म्हणजे दिवसाचा हिशेब पंधरा लिटर. गुलाब, जास्वंद, जाई-जुई व शेवंती मिळून तीस. उरलेले तीस न्हाणीच्या तोंडाशी असलेल्या कर्दळीस व अळूस. तेथे आम्ही खडी व वाळू भरून एक खड्डा केला आहे. त्यातून पाणी गाळून मग पाटाने पुढे जाते. कपडे धुतल्याचे सोड्याचे पाणी मात्र फुलझाडांस कदापि घालू नये. सोड्याने काळी माती चिकट होऊन पाणी आत मुरू देत नाही, आणि दोनतीन वर्षांत आळे विटेसारखे होते.

२०१५ चा पाऊस ओढला. केज तालुक्यात धनेगाव येथे असलेले मांजरा धरण आटले, आणि २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने पाणी भरून लातुरास न्यावे लागले. त्या दिवसांत आमच्याकडे टँकरच्या खेपांच्या नोंदीचे काम होते. दिवसभर कोणत्या वस्तीस किती खेपा गेल्या ते लिहावयाचे, आणि संध्याकाळी घरी येऊन आपल्या न्हाणीचे पाणी मोजावयाचे. पाचांच्या अंघोळी मिळून तीस लिटरही निघत ना. एका गृहस्थांनी दारात उभे राहून विचारले, "गावास प्यावयास नाही आणि आपण फुलांस पाणी घालता?" प्रश्न योग्यच होता, व तो विचारल्याबद्दल आम्हास राग आला नाही. आम्ही त्यांस न्हाणीचा पाट दाखविला. घागरीतील एक थेंब झाडास घालावयाचा नाही, अंगावरून गेलेले पाणी तेवढे झाडाचे, हा नियम घरात सर्वांनी पाळला होता. ते काही न बोलता गेले. त्यांचे समाधान झाले की नाही ते आम्ही विचारले नाही.

परंतु तीस लिटरांत सर्वांचे भागणे शक्य नव्हते. निवड करणे प्राप्त होते. शेवंतीची मुळे वरवर असतात, तिला रोज ओल हवी. मोगरा जुना, खोल मुळांचा. आमच्या सौभाग्यवतींचा जीव शेवंतीवर होता, कारण त्या मुनव्यांचे मूळ रोप त्यांच्या माहेरचे. दोन दिवस विचार करून त्यांनीच सांगितले, की शेवंतीचे पाणी बंद करा. आठवड्यात वाफा वाळून गेला. मोगऱ्याने पाने टाकली, एकही फूल दिले नाही, परंतु मृगाच्या सरींनंतर बुंध्यापासून फुटला. शेवंतीचे मुनवे पुढे माहेरच्या नात्यातून पुन्हा आणले; आज कोपऱ्यात आहेत ते तेच. ज्या घरी नवी कूपनलिका घेऊन नळीने हिरवळ भिजविली जाते, त्यांच्या बागेस आम्ही बाग म्हणतो खरे, परंतु ते पाणी शेजाऱ्याच्या विहिरीतून आलेले नाही ना, हे त्यांनी एकदा पाहावे.

शेवंतीची वाट मोगऱ्याहून लांब. तिला कितीही खतपाणी केले तरी दिवस लहान होऊ लागेपर्यंत ती कळी धरत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्यातील गार्नर व ॲलार्ड या शास्त्रज्ञांनी १९२० साली तंबाखू व सोयाबीन यांवरील प्रयोगांतून दाखविले, की कित्येक वनस्पती दिवसरात्रीच्या लांबीवरून फुलण्याची वेळ ठरवितात. शेवंती त्यांपैकीच. वाफ्यावर रस्त्यावरील दिव्याचा उजेड रात्रभर पडत असेल तर तिला रात्र लांबल्याचे कळत नाही आणि फूल मागे पडते. ज्यांची शेवंती दिवाळी उलटली तरी हिरवीच राहते त्यांनी खत बदलण्यापूर्वी दिवा पाहावा. झेंडूस असे थांबणे नाही. गेल्या दसऱ्याचे वाळलेले तोरण जपून ठेविले असेल तर आषाढात त्याचेच बी पेरावे. झेंडू आणि गुलछडी दोन्ही मुळात मेक्सिको देशाच्या. आज त्यांच्यावाचून आमचे सण होत नाहीत.

एक फूल मात्र वाट पाहण्याचीही संधी देत नाही. भुईचाफ्याचे कंद हिवाळ्यात पाने टाकून मातीत गडप होतात, इतके की जागा विसरून माणूस त्यावर खुरपे चालवितो. वैशाखात एके सकाळी, पानाचा मागमूस नसता, कोरड्या मातीतून पांढरे-जांभळे सुवासिक फूल थेट वर आलेले दिसते आणि सायंकाळपर्यंत मलूल होते. कंदांभोवती चार दगड मांडून ठेवावे, एवढीच त्याची निगा.

चैत्रगौरीची हळदीकुंकवे अक्षय्य तृतीयेपर्यंत चालतात. तोपर्यंत घरचा मोगरा फुलावा अशी घरोघरी इच्छा असते, आणि दरसाल ती पुरी होतेच असे नाही. ज्वारीच्या दाण्याएवढी कळी दिसू लागल्यापासून उमलेपर्यंत पंधरवडा तरी जातो. उमलणारी कळी आदल्या दिवशी दुपारीच फुगून दुधासारखी पांढरी होते. हिरवट कळी तोडली तर ती तशीच मिटून राहते. गजऱ्यासाठी कळ्या उन्हे कलल्यावर तोडून ओल्या फडक्यात ठेवाव्या, म्हणजे दिवेलागणीनंतर ओवलेल्याच उमलतात. देवासाठी पहाटे तोडाव्या. यंदा मदनबाणास छत्तीस कळ्या आहेत, पैकी चार पांढऱ्या झाल्या आहेत. बटमोगरा अद्याप हिरवाच आहे. तृतीयेस पाच दिवस उरले आहेत, आणि हळदीकुंकवास येणाऱ्या बायका चाळीसहून कमी नाहीत.