पडद्याचें कापड आणि कोचाचें कापड

दिवाणखान्यासाठीं कापड घ्यावयास निघालेलें कुटुंब बहुधा एक इच्छा मनांत धरून निघतें: पडदे आणि कोच एकाच कापडाचे व्हावेत. दुकानदार तागा उलगडतो. सायीच्या रंगावर राखाडी पट्टे असलेलें मिश्र लिनन डोळ्यांना निववितें, आणि दोन्ही कामांचें माप एकदमच सांगितलें जातें. हा खर्च दहा-बारा वर्षांतून एकदां व्हावयाचा, म्हणून येथें घटकाभर थांबणें हिताचें. पडद्याचा शत्रु ऊन, तर कोचाचा शत्रु घर्षण. एकाच कापडाला दोघांशीं झुंज देतां येईलच असें नाहीं.

लिनन म्हणजे जवसाच्या खोडांतील धागा. विदर्भांत जवसाचें पीक घेतात तें बियांच्या तेलासाठीं. ती जात ठेंगणी व फांद्यांची. धाग्यासाठीं पेरतात ती जात उंच व सरळ असून तिची मोठी लागवड उत्तर फ्रान्स व बेल्जियम येथें होते. हा धागा बळकट असतो, ओला झाला म्हणजे अधिकच बळकट होतो आणि दमटपणा शोषून घेतो. परंतु त्याला लवचिकपणा थोडा; त्यामुळें चुण्या लवकर पडतात, व एकाच घडीवर वरचेवर दुमडल्यास तेथें तो तुटतो.

याकरितां त्यांत दुसरे धागे मिसळतात. कापसानें मऊपणा येतो व किंमत उतरते. पॉलिएस्टरनें चुण्या कमी पडतात, पण ओलावा शोषला जात नाहीं. व्हिस्कोजनें झळाळी येते, मात्र तो धागा भिजल्यावर दुबळा होतो. वरचेवर धुवावयाच्या अभ्र्यांस तो मानवत नाहीं. म्हणून ‘लिनन’ एवढ्या नांवावर न जातां कोणता धागा शेंकडा किती आहे, हें विचारून घ्यावें.

पडद्याला हलकें कापड चांगलें. त्याची रुंदी दांडीच्या सुमारें दुप्पट धरतात. म्हणजे पट्टे सपाट न दिसतां चुण्यांत दिसणार. बारीक पट्टे तेथें एकमेकांत मिसळून जातात, रुंद पट्टे अर्धे लपतात. याकरितां नमुना दुकानांत चुणून धरूनच पाहावा. पश्चिमेच्या खिडकीला अस्तर अवश्य लावावें, कारण उन्हानें धागा कुजतो. शिवण्यापूर्वीं ५० सेंटिमीटरचा चौकोन आंखून तुकडा धुवावा व वाळल्यावर मोजावा. तो ४८ भरला, तर कापड शेंकडा ४ आटलें. म्हणजे २५० सेंटिमीटरचा पडदा २४० चा होऊन जमिनीपासून वर लोंबेल.

कोचाला जाड व घट्ट विणीचें कापड हवें. नखानें ओढतांच धागे सरकले, तर तें कापड कोचाचें नव्हे. कांहीं कापडांवर मार्टिनडेल कसोटीचा आंकडा असतो. लोंकरीच्या कापडावर किती वेळां घासलें तरी कापड टिकतें, हें तो सांगतो. रोजच्या बसण्याला तो २०,००० च्या आसपास किंवा वर असावा. शिवाय पाठीवरचा पट्टा बैठकीवरून पुढच्या कडेपर्यंत एका रेषेंत उतरला पाहिजे. कापडाचा पन्हा साधारण १४० सेंटिमीटर असतो. लांब कोचाला जोड येणारच, आणि जोडावर पट्टा पट्ट्याशीं जुळविण्यास जास्त कापड लागतें. कोच मढविणाऱ्या कारागिराला विचारूनच माप ठरवावें.

सौम्य रंगही सारखे नसतात. एकांत पिंवळी झांक असते, दुसऱ्यांत निळसर. हातभर नमुना घरीं आणून भिंतीशीं धरावा, आणि सकाळच्या उजेडांत व रात्रीं दिव्याखालीं पाहावा.

एकंदरींत रंग एकाच घराण्यांतले, पण कापडें दोन, हाच व्यवहार सोयीचा: खिडकीला पातळ, कोचाला भक्कम. ज्या कोचावर पाहुण्यांच्या मुलांनीं बसूं नये म्हणून घरच्यांना जपावें लागतें, तो कितीहि सुंदर असला तरी त्याचें कापड चुकलेलें असतें.