व्हर्च्युअल डेस्कटॉप: विकत घेण्याआधी एवढं तपासा

जीएसटी रिटर्नची शेवटची तारीख जवळ आली की कर सल्लागाराच्या कॉम्प्युटरवर टॅली, तीन-चार एक्सेल शीट, पोर्टल, बँकेचं स्टेटमेंट आणि व्हॉट्सॲप वेब अशी सगळी गर्दी एकाच स्क्रीनवर होते. व्हर्च्युअल डेस्कटॉप, म्हणजे एकाच स्क्रीनवर आलटून पालटून उघडणारे अनेक डेस्कटॉप, वापरा म्हटलं, की पहिला प्रश्न येतो: सॉफ्टवेअर केवढ्याला पडेल?

बहुतेकांना एक रुपयाही लागत नाही. विंडोजमध्ये ही सोय २०१५ पासून, म्हणजे विंडोज १० पासून आहे. मॅकमध्ये २००७ पासून आणि लिनक्सवर त्याच्याही बरीच आधीपासून. विंडोज, कंट्रोल आणि डी ही बटणं एकदम दाबा, नवा कोरा डेस्कटॉप समोर येतो. विंडोज-कंट्रोल धरून डावा-उजवा बाण दाबला की एकावरून दुसऱ्यावर जाता येतं. विंडोज आणि टॅब दाबलं की सगळे डेस्कटॉप मांडलेले दिसतात. तिथे हवी ती विंडो माउसने ओढून दुसऱ्यावर टाकायची. व्हॉट्सॲप सगळीकडे हवं असेल, तर तिथेच त्या विंडोवर राइट क्लिक करून ती प्रत्येक डेस्कटॉपवर दिसेल असा पर्याय निवडता येतो. हे न बघताच लोक पैसे भरतात, याचं वाईट वाटतं.

‘चार डेस्कटॉप म्हणजे चौपट मेमरी’ ही भीतीही निराधार आहे. मेमरी खातात ते उघडे प्रोग्रॅम. ब्राउझरचे तीस टॅब एका डेस्कटॉपवर असोत की चारांत वाटलेले, भार जवळपास तेवढाच. गोंधळ होतो तो व्हर्च्युअल मशीनशी: तिथे खरोखरच दुसरी अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम चालते. कंपन्या सर्व्हरवरून देतात तो डेस्कटॉपही ‘व्हर्च्युअल डेस्कटॉप’ याच नावाने विकला जातो, म्हणून खरेदीआधी वर्णन नीट वाचावं.

डेस्कटॉप बंद केला की काम जातं, असंही नाही. विंडोजमध्ये त्यावरच्या विंडो शेजारच्या डेस्कटॉपवर सरकतात.

एक गैरसमज मात्र महागात पडू शकतो: दुसऱ्या डेस्कटॉपवर ठेवलेलं दुसऱ्याला दिसत नाही. तिथे कुलूप नसतं, दोन-तीन बटणं दाबून कोणीही पोचतं आणि डेस्कटॉपवर ठेवलेल्या फाइल सगळीकडे त्याच दिसतात. अशिलाची कागदपत्रं असलेला कॉम्प्युटर घरातली मुलंही वापरत असतील, तर त्यांना वेगळं युजर अकाउंट आणि तुमच्या अकाउंटला पासवर्ड हवाच.

वेगळं सॉफ्टवेअर घ्यायचंच असेल, तर विंडो एका डेस्कटॉपवरून दुसऱ्यावर हलवता येते का, हे आधी पाहा. मायक्रोसॉफ्टचंच सिसइंटर्नल्स डेस्कटॉप्स मोफत आणि अगदी छोटं आहे, जास्तीत जास्त चार डेस्कटॉप देतं. पण त्यात विंडो जिथे उघडली तिथेच राहते आणि एकदा तयार केलेला डेस्कटॉप काढायला लॉग ऑफ करावं लागतं. एकाच अशिलाची शीट आणि पोर्टल सतत जवळ आणावं लागणाऱ्यांना ते अडचणीचंच ठरेल.