वाढत्या नगर परिसरातील बांधकाम राडारोड्याचे व्यवस्थापन व पुनर्वापर : नेरे (ता. मुळशी) परिसराच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
मुळशी तालुक्यातील नेरे हे गाव हिंजवडी येथील राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानाच्या परिसरात वसलेले आहे. उद्यानाच्या विस्ताराबरोबर आसपासच्या शेतजमिनींवर इमारती उभ्या राहिल्या. बांधकाम व पाडकाम यांतून निर्माण होणारा राडारोडा हा त्यामुळे केवळ महानगरांचा प्रश्न राहिलेला नाही.

राडारोड्याचे स्वरूप :
पूर्वी जुने घर उतरविले जात असे, तेव्हा सागवानी तुळया, दारे व घडीव दगड नव्या घरात बसविले जात. माती भरावास उपयोगी पडे. सिमेंट काँक्रीटच्या इमारतीत मात्र सळई तेवढी भंगारात विकली जाते. उर्वरित काँक्रीट, विटा, फरशा व प्लास्टर एकमेकांत मिसळतात आणि या मिश्रणाचे मूल्य नष्ट होते. ते ओढ्याकाठी टाकल्यास पाण्याचा मार्ग अरुंद होतो.

पुनर्वापराची प्रक्रिया :
वर्गीकृत काँक्रीट यंत्राने फोडून, चुंबकाने लोखंड काढून व चाळून खडी मिळविली जाते. या खडीला जुने सिमेंट चिकटलेले असल्याने ती अधिक पाणी शोषते. म्हणूनच भारतीय मानक ३८३ (२०१६) नुसार तिचे प्रमाण साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के व एम-२५ श्रेणीपर्यंतच्या सळईयुक्त काँक्रीटमध्ये २० टक्के इतके मर्यादित आहे. एम-१५ पेक्षा कमी श्रेणीच्या काँक्रीटमध्ये ती पूर्णतः वापरता येते. दिल्लीतील बुराडी येथे २००९ मध्ये देशातील असा पहिला प्रकल्प सुरू झाला. पुणे महानगरपालिकेने वाघोली येथे, तर पिंपरी चिंचवड महानगरपालिकेने मोशी येथे प्रकल्प उभारले.

नियम व त्यांच्या मर्यादा :
२०१६ च्या केंद्रीय नियमांनी दिवसाला २० टन किंवा महिन्याला प्रकल्पामागे ३०० टनांहून अधिक राडारोडा करणाऱ्यांवर वर्गीकरणाचे व व्यवस्थापन आराखड्याचे विशेष दायित्व टाकले होते. १ एप्रिल २०२६ या अंमलबजावणीच्या दिनांकासह २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नव्या नियमांत विस्तारित उत्पादक उत्तरदायित्व २०,००० चौरस मीटर व त्याहून अधिक बांधीव क्षेत्राच्या प्रकल्पांसाठी आहे. नगरालगतच्या गावांत मात्र लहान इमारती, बंगले व घरदुरुस्तीची कामेही मोठ्या संख्येने होतात. हा विखुरलेला राडारोडा विशेष दायित्वाच्या कक्षेबाहेर राहतो. शिवाय, २०१५ मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे परिसरातील बांधकाम परवानगीचे काम आले. गावाच्या स्वच्छतेचा भार मात्र परंपरेने ग्रामपंचायतीवर राहिला. परवानगी देणारी यंत्रणा एक आणि राडारोड्याला तोंड देणारी दुसरी, ही येथील खरी अडचण होय.

निष्कर्ष :
राडारोडा वजनाने जड व किमतीने हलका असल्याने दूरच्या प्रकल्पापर्यंतची वाहतूक लहान बांधकामधारकास परवडत नाही. म्हणून काही गावांनी मिळून समाईक संकलन केंद्र उभारणे, बांधकाम परवानगीच्या वेळीच राडारोड्याच्या विल्हेवाटीचे शुल्क घेणे व त्यातील वाटा ग्रामपंचायतीस देणे हे उपाय आवश्यक ठरतात. गावातील अंतर्गत रस्ते व पदपथ यांच्या कामांत पुनर्प्रक्रियित पेव्हर ब्लॉक वापरल्यास त्यांना स्थानिक बाजारपेठही लाभेल. यंत्रसामग्री उपलब्ध आहे. उणीव आहे ती जबाबदारीच्या स्पष्ट वाटणीची.