उद्यानवृक्षांच्या छाटणीसाठी लांब दांड्याच्या हस्तसाधनांची निवड

प्रस्तावना :

महाविद्यालयाच्या परिसरात आंबा, जांभूळ, गुलमोहर, शेवगा यांसारखे वृक्ष असतात. त्यांच्या वाळलेल्या किंवा वाटेवर आलेल्या फांद्या काढण्यासाठी शिडी लावून कोयत्याने घाव घालण्याची पद्धत आजही रूढ आहे. या पद्धतीत माणूस पडण्याचा धोका असतो. शिवाय कोयत्याच्या घावाने फांदी चिरते व साल खोडापर्यंत सोलली जाते. जमिनीवर उभे राहून वापरता येणारी लांब दांड्याची साधने हा यावरील पर्याय होय. मात्र 'जितका दांडा लांब तितके साधन चांगले' हा समज बरोबर नाही. प्रस्तुत लेखात या साधनांच्या निवडीचे निकष स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

छाटणीचे शास्त्रीय अधिष्ठान :

वृक्षाची जखम प्राण्यांच्या जखमेप्रमाणे भरून येत नाही. वृक्ष जखमी भागाभोवती अडसर निर्माण करून कुजण्याची क्रिया मर्यादित ठेवतो व त्यावर नवे काष्ठ वाढवितो. अमेरिकन शास्त्रज्ञ अलेक्स शायगो यांनी १९७७ मध्ये हा सिद्धान्त मांडला. फांदी खोडाला मिळते तेथे एक फुगीर कडे दिसते. छेद या कड्याच्या लगेच बाहेर घ्यावा. कडे कापू नये आणि लांब खुंटही ठेवू नये. म्हणूनच साधनाची परीक्षा करताना ते किती उंच पोहोचते यापेक्षा त्या उंचीवर छेद नेमका घेता येतो की नाही, हे पाहणे महत्त्वाचे ठरते.

साधनांचे प्रकार :

१) लांब मुठींची कात्री (लॉपर) : दोन्ही हातांनी चालविण्याच्या या कात्रीने साधारणतः ३ ते ४ सेंटिमीटर जाडीपर्यंतच्या फांद्या कापता येतात. जिवंत फांदीसाठी एकमेकींना ओलांडून जाणाऱ्या पात्यांची कात्री घ्यावी. ऐरणीवर पाते टेकणाऱ्या कात्रीने ओली साल चेंगरते. ती वाळलेल्या काटक्यांसाठी ठीक.

२) दांड्याची दोरी-कात्री : दांड्याच्या टोकाशी कात्री असते व ती दोरी ओढून मिटते. कप्प्यांच्या योजनेमुळे हाताचा जोर वाढतो. साधारणतः २.५ ते ३ सेंटिमीटरपर्यंतच्या फांद्यांना ती उपयुक्त आहे. दाट फांद्यांत दोरी अडकते, ही तिची उणीव.

३) दांड्याची करवत : याहून जाड फांद्यांसाठी वक्र पात्याची व ओढताना कापणारी करवत योग्य होय. फांदी जड असल्यास प्रथम खालून अर्धवट छेद, मग त्याच्या थोडे बाहेर वरून छेद आणि शेवटी कड्याजवळ अंतिम छेद, अशा तीन टप्प्यांत कापावी. त्यामुळे साल सोलली जात नाही. खालचा छेद जमिनीवरून घेता येत नसेल, तर ती फांदी टोकाकडून लहान तुकड्यांत उतरवावी.

लांबीचा हिशेब :

पुढच्या हातापासून ३ मीटर अंतरावर १ किलोग्रॅम वजनाची करवत असल्यास, दांडा आडवा धरताना केवळ तिचे आघूर्ण सुमारे २९ न्यूटन-मीटर होते. दांड्याचे वजन वेगळेच. दांडा जमिनीशी ६० अंशांचा कोन करील असा धरल्यास ते निम्मे होते. दांडा पूर्ण उभा धरल्यास भार आणखी कमी होतो, परंतु मग काम करणारा नेमका पडणाऱ्या फांदीखाली येतो. म्हणून ६० अंशांच्या आसपासचा कोन ही व्यवहार्य तडजोड ठरते. हात १.४ मीटर उंचीवर धरल्यास या स्थितीत सुमारे ४ मीटर उंची गाठता येते व माणूस छेदापासून १.५ मीटर बाजूला राहतो. लांब फांदी याहून दूर पडू शकते. तेव्हा तिच्या लांबीचा विचार करूनच उभे राहण्याची जागा ठरवावी. दांडा अधिक लांब झाला की तो लवतो, टोक डुलते व छेद चुकतो. गरजेपुरती किमान लांबी, हाच योग्य निकष होय.

दांड्याचे द्रव्य व सुरक्षितता :

अॅल्युमिनियमचा दांडा हलका व ताठ असतो. पण तो उत्तम विद्युत्वाहक आहे. परिसरात वीजतारा असल्यास तो वापरूच नये. फायबरग्लासचा दांडा तुलनेने जड, परंतु कोरडा व स्वच्छ असताना विद्युत्रोधक असतो. बांबू स्वस्त व सर्वत्र उपलब्ध आहे. कोकणात आंबे उतरविण्याच्या आकडीला व झेल्याला तोच वापरतात. मात्र ओला बांबू किंवा मळलेला, ओला फायबरग्लास यांपैकी कशावरही विसंबू नये. साधन व फांदी दोन्ही तारांपासून किमान ३ मीटर दूर राहतील तरच काम करावे. अन्यथा वीज कंपनीस कळवावे. शिरस्त्राण व संरक्षक चष्मा आवश्यक आहेत.

नागरी क्षेत्रात महाराष्ट्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. त्यामुळे छाटणीपूर्वी स्थानिक वृक्ष प्राधिकरणाकडे परवानगीबाबत विचारणा करावी.

निष्कर्ष :

प्रथम फांदीची जाडी, नंतर तिची उंची आणि शेवटी भोवतालची परिस्थिती, या क्रमाने विचार केल्यास साधनाची निवड सोपी होते. बहुतेक परिसरांना एक लॉपर व मध्यम लांबीच्या दांड्याची एक करवत पुरेशी आहे. त्यांच्या आवाक्याबाहेरील फांदीसाठी अधिक लांब दांडा विकत घेण्याऐवजी प्रशिक्षित व्यक्तीस पाचारण करावे. परिसराची निगा राखणारा माळी आणि वृक्ष या दोघांचेही हित त्यातच आहे.