गाजलेल्या खुनांचे ग्रंथ कसे वाचावेत

खडकवासल्याच्या धरणाखालून निघालेली मुठा नदी ज्या शहरांतून वाहत जाते, त्या पुण्याचें नांव तीन प्रसिद्ध खुनांशीं कायमचें जोडलें गेलें आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा वध झाला. २२ जून १८९७ च्या रात्रीं गणेशखिंडीहून परतणाऱ्या रँडसाहेबावर व लेफ्टनंट आयर्स्टवर गोळ्या झाडण्यांत आल्या. आणि ३० जानेवारी १९४८ रोजीं दिल्लीस महात्मा गांधींवर ज्यानें पिस्तूल रोखलें, तो पुण्यांतील एका दैनिकाचा संपादक होता. या प्रत्येक खुनाची एक सरकारी हकिगत आहे, आणि त्या हकिगतीविषयीं शंका घेणारेहि प्रत्येक वेळीं निघालेच.

अशा शंकाखोर ग्रंथांना सुशिक्षित घरांतून मोठा वाचकवर्ग लाभला आहे, व त्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु डिटेक्टिव्ह कादंबरी वाचून मुरलेला वाचक या ग्रंथांकडे वळतो, तेव्हां तो एक संवय बरोबर घेऊन येतो. कादंबरींत शेवटच्या प्रकरणांत उत्तर मिळणार याची हमी लेखकानें दिलेली असते, आणि जो पहिल्यापासून निर्दोष दिसतो तोच बहुधा अपराधी ठरतो. खऱ्या खुनाला असा नियम नसतो. तेथें पुष्कळदां पहिल्या दिवशीं पकडलेला मनुष्यच अपराधी असतो, आणि पुष्कळदां शेवटचें प्रकरण कोणी लिहिलेलेंच नसतें.

नारायणरावांची गोष्ट घ्यावी. राघोबादादांनीं गारद्यांना 'धरावें' असा लेखी हुकूम दिला आणि आनंदीबाईंनीं 'ध'चा 'मा' केला, ही कथा शाळकरी पोरालाहि पाठ असते. रामशास्त्री प्रभुण्यांनीं चौकशी करून दादांना दोषी धरलें, हें इतिहासानें मान्य केलेलें आहे. पण अक्षर नेमकें कोणी फिरविलें, या प्रश्नावर ग्रँट डफच्या १८२६ सालच्या इतिहासांतहि आधार आहे तो लोकसमजुतीचा. पुतण्याच्या हत्येचें पाप काकाच्या माथ्यावरून काढून काकूच्या माथीं ठेवणारी ही कथा नाटकाला फार सोयीची आहे. एवढ्यावरून ती खोटी ठरत नाहीं, पण खरी तर मुळींच ठरत नाहीं. आणि ती इतकीं वर्षें निमूटपणें पढविली गेली, याचें नवल वाटल्याखेरीज राहत नाहीं.

रँडच्या खुनांत संशय सरकारच्याच मनांत शिरला. पुण्यांत मोठा कट असला पाहिजे या समजुतीनें नातू बंधूंना १८२७ च्या रेग्युलेशनखालीं खटल्याशिवाय अडकवून ठेवण्यांत आलें. पुढें कृत्य चापेकर बंधूंचें निघालें. कटाची कल्पना लढविणारे नेहमी सरकारचे विरोधकच असतात, असा ज्यांचा समज असेल त्यांनीं हें उदाहरण विसरूं नये.

तिसरें प्रकरण मात्र सर्वांत जड आहे, कारण त्याचे कागद सर्वांत अधिक उपलब्ध आहेत. २० जानेवारी १९४८ रोजीं बिर्ला भवनांतील प्रार्थनासभेजवळ स्फोट झाला व मदनलाल पाहवा जागच्या जागीं पकडला गेला. त्याच्या जबानींत पुण्याच्या एका वर्तमानपत्राच्या चालकाचा उल्लेख आला. इकडे मुंबईस रुइया कॉलेजांतील प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांना मदनलालनें पूर्वींच कांहीं सांगितलेलें होतें. तें त्यांनीं २१ तारखेला मुख्य मंत्री बाळासाहेब खेर व गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्या कानावर घातलें, आणि मोरारजींनीं त्याच दिवशीं पोलीस अधिकारी नगरवाला यांना. त्यानंतर दहा दिवस गेले. लाल किल्ल्यांतील खटल्यांत न्यायमूर्ति आत्माचरण यांनीं १० फेब्रुवारी १९४९ रोजीं निकाल दिला. गोडसे व आपटे यांना फांशी, पांच जणांना जन्मठेप, आणि सावरकर निर्दोष. पुढें शिमल्यास पंजाब हायकोर्टांत अपील चाललें, तेव्हां परचुरे व शंकर किस्तय्या हेहि सुटले. त्या दहा दिवसांतील पोलिसांच्या ढिलाईवर खुद्द आत्माचरण यांनींच निकालपत्रांत ताशेरे ओढले होते. सरकारी हकिगत म्हणजे एकच एकसंध भिंत असते, असें समजणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें. पोलिसांचें म्हणणें, सरकारी वकिलाचें म्हणणें, न्यायाधीशाचा निकाल व मंत्र्यांचें संसदेंतील उत्तर या चार वेगळ्या वस्तु आहेत, आणि त्यांचें एकमेकांशीं नेहमींच जुळतें असें नाहीं.

१९६४ सालीं जन्मठेपेचे कैदी सुटून आले. त्या वर्षीं नोव्हेंबरांत पुण्यांतील एका समारंभांत ग. वि. केतकर यांनीं आपणांस हा बेत आधीं ठाऊक होता असें जाहीर सांगितलें, आणि देशभर खळबळ उडाली. आधीं पाठक व मग १९६६ पासून न्यायमूर्ति जीवनलाल कपूर यांच्याकडे चौकशी आली. कपूरांनीं १०१ साक्षीदार तपासून १९६९ सालीं अहवाल दिला. त्यांच्यापुढें प्रश्न होता तो मुख्यतः हा: कटाची खबर आधीं कोणाला होती, ती सरकारला मिळाली काय, आणि मिळाली असेल तर सरकारनें काय केलें? खून कोणी केला, हा प्रश्न त्यांच्यापुढें नव्हता.

चौकशीची मर्यादा किती महत्त्वाची असते, हें पुणेंकरांना वेगळें सांगावयास नको. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, त्या लोंढ्यानें खडकवासल्याचें जुनें धरणहि फोडलें आणि नदीकांठच्या पेठा बुडाल्या. त्या वेळीं नेमलेल्या चौकशीचें काम पुरें होण्याआधींच न्यायमूर्ति बावडेकर निवर्तले व तें न्यायमूर्ति नाईक यांना पुरें करावें लागलें. धरण कां फुटलें हा एक प्रश्न, आणि शहराला वेळेवर कां कळलें नाहीं हा दुसरा. घरदार गमावलेल्या माणसाच्या मनांत दुसराच अधिक जळत राहतो. गांधीवधाविषयींच्या बऱ्याच ग्रंथांत हे दोन प्रश्न एकांत एक मिसळलेले आढळतात. पोलीस हलगर्जी होते, एवढें सिद्ध करावयाचें आणि त्यावरून पोलीस सामील होते असें सुचवावयाचें, ही त्यांची नेहमींची उडी आहे. हलगर्जीपणाला कटाची गरज नसते. पुण्याच्या सी. आय. डी.चे डेप्युटी इन्स्पेक्टर जनरल राणा यांनीं दिल्लीस मदनलालची जबानी पाहिली. ते विमानानें न येतां अलाहाबादमार्गें आगगाडीनें निघाले, आणि मुंबईस पोंचेपर्यंत २७ तारीख उजाडली. ज्या वर्तमानपत्राचा उल्लेख त्या जबानींत होता, त्याच्या संपादकाचें व मालकाचें नांव सरकारच्या दप्तरांत, वृत्तपत्रांच्या वार्षिक यादींत, छापलेलें होतें. यादी काढून पाहण्याचें कोणास सुचलें नाहीं. हें वाचतांना अंगावर कांटा येतो तो कटामुळें नव्हे.

सावरकरांविषयीं वाद अधिक कडवा आहे. न्यायालयानें त्यांना सोडलें. माफीचा साक्षीदार बडगे याच्या जबानीला स्वतंत्र दुजोरा मिळाला नाहीं. कपूरांच्या अहवालांत मात्र सावरकर व त्यांचा गट यांच्या कटाकडे बोट दाखविणारें वाक्य आहे. एका पक्षाचे लेखक निकाल उद्धृत करतात, दुसऱ्याचे अहवाल. वाचकानें दोन्ही वाचावेत व भेद पाहावा. खटल्यांत आरोपीला उलटतपासणीचा हक्क असतो. अहवाल लिहिला गेला तेव्हां सावरकर हयात नव्हते. उलटपक्षीं, सावरकरांच्या सेवकांनीं १९४८ मध्यें पोलिसांना दिलेल्या ज्या जबान्या कपूरांनीं पाहिल्या, त्या खटल्यांत पुढें आल्याच नव्हत्या. त्या कां आल्या नाहींत, हा रास्त प्रश्न आहे. सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं असें म्हटलें कीं, आयोगाच्या अशा सर्वसाधारण उद्गारानें फौजदारी न्यायालयाचा निर्णय उलटत नाहीं.

तो २०१८ चा अर्ज मुख्यतः चौथ्या गोळीविषयीं होता. तीन गोळ्या झाडल्या गेल्या, हें खटल्यांत सिद्ध झालें; चौथी दुसऱ्याच कोणाची होती, असें अर्जदाराचें म्हणणें. शवविच्छेदन झालें नव्हतें, या उणिवेंतूनच अशा कल्पनेला वाट मिळते. पण पुराव्यांतील भोंक म्हणजे पुरावा नव्हे. न्यायालयानें अर्ज फेटाळला. अमेरिकेंतहि असेंच घडलें: केनेडींच्या खुनाचा वॉरेन कमिशनचा १९६४ चा निर्णय १९७९ मध्यें काँग्रेसच्याच समितीनें एका ध्वनिमुद्रणाच्या बळावर डळमळविला, आणि तीनच वर्षांनीं शास्त्रज्ञांच्या मंडळानें त्या ध्वनिमुद्रणाचा अर्थ चुकीचा ठरविला. पहिली बातमी वाचलेल्यांपैकीं दुसरी किती जणांनीं वाचली असेल?

हा केवळ फावल्या वेळचा वाद नव्हे. १९४८ च्या फेब्रुवारींत पश्चिम महाराष्ट्रांतील गांवोगांव ब्राह्मणांचीं घरें जळालीं, तीं कोणा न्यायाधीशाच्या निकालानें नव्हे. एकाच्या अपराधाचा भार साऱ्या जातीवर टाकणाऱ्या संतापानें व अफवेनें. खुनाची हकिगत सैल सांगितली तर ती कोणाच्या ओसरीवर जाऊन पडेल, याचा नेम नसतो.

म्हणून ग्रंथ हातीं घेतल्यावर, लेखकानें स्वतःच्या मताविरुद्धचा सर्वांत बळकट पुरावा कोठें व किती पानांत मांडला आहे, हें आधीं पाहावें. तो सांपडला नाहीं, तर उरलेलीं पानें सावकाश वाचलीं तरी चालतें. शक्य असेल तेथें मूळ कागदहि उघडावेत. कपूरांचा अहवाल रूक्ष आहे, पुनरुक्तीनें भरलेला आहे. पण त्यांत जैन, मोरारजी व नगरवाला या तिघांच्या साक्षी एकमेकींशेजारीं ठेवून वाचतां येतात. कोणीं कोणाला नेमकें किती सांगितलें, यावर तिघांचें एकमत नाहीं. जैन यांनींहि आपल्या बाजूचें पुस्तक लिहिलें. त्याचें इंग्रजी नांवच 'मी बापूंना वांचवूं शकलों नाहीं' अशा अर्थाचें आहे.