‘बोनापार्ट्स रिट्रीट’चे श्रेय कोणाचे?

एरन कोपलंडच्या ‘रोडिओ’ (१९४२) या बॅलेचा अखेरचा भाग ‘होडाउन’. १९७२मध्ये इमर्सन, लेक अँड पामर या रॉक चमूने तो वाजवला, पुढे अमेरिकेतल्या गोमांसाच्या जाहिरातींनी तो घरोघरी पोचवला. त्यातली मुख्य धून ‘पारंपरिक’ आहे, एवढे सांगून विषय संपवला जातो. पण कोपलंडने घेतली ती परंपरेतली कुठलीही ‘बोनापार्ट्स रिट्रीट’ नव्हे. ते एका विशिष्ट फिडलवादकाचे वादन होते, आणि ते पुराव्याने दाखवता येते.

१९३७मध्ये ॲलन आणि एलिझाबेथ लोमॅक्स यांनी केंटकीतल्या सॅलियर्सव्हिल येथे विल्यम स्टेप यांचे वादन लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी ध्वनिमुद्रित केले. रूथ क्रॉफर्ड सीगर यांनी त्याचे काटेकोर स्वरलेखन केले आणि ते १९४१च्या ‘अवर सिंगिंग कंट्री’ या लोमॅक्स पितापुत्रांच्या संग्रहात छापले गेले. कोपलंडने या छापील स्वरलेखनावरूनच धून घेतली. ‘होडाउन’ची चाल स्टेप यांच्या वादनाशी जवळजवळ स्वरास्वराने जुळते, त्यामुळे योगायोगाला जागा उरत नाही. शिवाय नेपोलियनच्या माघारीशी जोडलेली ही धून दक्षिणेकडचे फिडलवादक सहसा संथ मार्चसारखी वाजवत. स्टेप यांनी तिला नाचाचा वेग दिला, आणि ‘होडाउन’मध्ये नेमका तोच वेग आला.

यावर पहिला आक्षेप असा, की धून स्टेप यांनी रचलेलीच नाही. खरे आहे. जॉर्जियाच्या ए. ए. ग्रे यांनी ती १९२४मध्येच ध्वनिमुद्रित केली होती, आणि तिची मुळे त्याहून जुनी आहेत. पण बंदिश जुनी म्हणून गायकीचे श्रेय नाहीसे होत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हा वेग स्टेप यांनी आणखी कोणाकडून उचलला असेल तर? शक्य आहे, ध्वनिमुद्रित न झालेले वादक असंख्य होते. मात्र येथे प्रश्न पहिल्या निर्मात्याचा नसून कोपलंडच्या उगमाचा आहे, आणि तिथे स्टेप यांच्याखेरीज दुसरे नाव निघत नाही. कोपलंडचे वाद्यवृंदलेखन अव्वल आहे, यानेही हा निष्कर्ष बदलत नाही.

‘पारंपरिक’ हा शब्द सोयीचा ठरतो, कारण त्यामुळे श्रेय मागणारा कोणी उरत नाही. याच धुनेवर पी वी किंग यांनी शब्द रचले, १९५०मध्ये के स्टार यांनी ते गाऊन गाजवले, आणि गीतकार म्हणून किंग यांचे नाव नोंदले गेले. नाव नोंदवणाऱ्याला मान्यता मिळते. वाजवून दाखवणारा परंपरेत विरघळतो. स्टेप यांची ध्वनिमुद्रिका पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत समाविष्ट झाली, ही अंशतः भरपाई म्हणावी. श्रेयाची नोंद मात्र अशी हवी: मूळ धून अज्ञातांची, हे रूप स्टेप यांचे, वाद्यवृंद कोपलंडचा. यातले मधले नाव गाळले, की कोपलंडने नेमके काय घेतले हेच कळेनासे होते.